जुन्या फियाटच्या इंजिनाला रंग देताना

बाबांच्या फियाटचं इंजिन रंगवून, जोडून, गाडीत बसून झालं आणि गाडी आरटीओची तपासणीही पार करून आली. मे 2023 मध्ये काम हातात घेतलं तेव्हा मराठीत या विषयावर वाचायला काहीच मिळालं नव्हतं. बॉडीच्या रंगाबद्दल सांगणारे पावलोपावली भेटतात. इंजिनाचं विचारलं की ‘मारून टाका सिल्व्हर’ एवढंच उत्तर मिळतं. ते उत्तर मला पटलं नाही, आणि का पटलं नाही हे शोधण्यात बरेच महिने गेले. कुणाच्या दारात अशीच गाडी उभी असेल तर त्यांचा थोडा वेळ वाचावा, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

गाडी 1970 ची, फियाट 1100 डिलाइट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच गाडी पुढे पद्मिनी नावाने सगळ्यांच्या ओळखीची झाली. इंजिन 1,089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य अंग, बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. रंगाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, कारण या दोन धातूंना एकच वागणूक देऊन चालत नाही.

इंजिन उतरवायचं कारण रंग नव्हतं. ते ऑइल खात होतं, धूर सोडत होतं, आणि आरसीची मुदत जानेवारी 2024 मध्ये संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते आणि नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या तपासणीला गाडी धुराशिवाय उभी राहायला हवी होती. इंजिन खोलायचंच आहे तर त्याचा रंगही नीट करून घ्यावा, असं मी आणि बाबांनी मिळून ठरवलं.

नाना पेठेजवळच्या ज्या गॅरेजमध्ये गाडी वर्षानुवर्षं जाते, तिथल्या चाचांनी चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावून इंजिन बाहेर काढलं. आधी मी त्यांना इंजिन सुरू ठेवायला सांगितलं होतं. एका ओळखीच्या कारखान्यातून तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक उसनी आणली होती आणि गरम इंजिनावर ठिकठिकाणी धरून पाहिली. ब्लॉकच्या बाजूंना 85 ते 95 अंश, एक्झॉस्टच्या तोंडाजवळ शंभराच्या वर, आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, 300 च्या पुढे. हे आकडे वहीत लिहून ठेवले आणि रंगाचा निर्णय पुढे त्यांच्यावरच झाला. इंजिन उतरवण्याआधी हे नक्की करा. एकदा उतरलं की मोजता येत नाही.

इंजिन स्टँडवर आलं तेव्हा ते नेमकं कोणत्या रंगाचं आहे हे कळायलाही मार्ग नव्हता. ग्रीस, धूळ आणि जुनं ऑइल यांचा बोटभर जाड थर. त्याखाली चंदेरी रंग, तोही दोन वेगवेगळ्या वेळी मारलेला. मूळ रंग शोधायचा तर जिथे ब्रश किंवा स्प्रे पोहोचत नाही तिथे पाहावं लागतं. इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनच्या ब्रॅकेटखाली, डायनॅमोच्या पट्टीमागे, ऑइल फिल्टर बसतो त्या जागेच्या कडेला. ब्रॅकेट सोडवून मी ती जागा थिनरने हळूहळू पुसत गेले. चंदेरीखाली एक मंद करडा रंग निघाला, नखाएवढा, पण स्वच्छ. माझ्या इंजिनावरचा सर्वांत जुना थर तोच होता आणि मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला.

परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना ही शोधाशोध फारशी करावी लागत नाही. फोर्डने अमेरिकेत 1966 पासून आपली इंजिनं निळी केली, शेव्हरलेची केशरी इंजिनं प्रसिद्धच आहेत, एमजीबीच्या सुरुवातीच्या इंजिनांचा तांबूस लाल रंग आजही लोक ओळखतात. त्या त्या नावाने तयार डबे विकत मिळतात. फियाटसाठी आपल्याकडे असा डबा मिळत नाही, त्यामुळे आपल्या इंजिनावरचा नमुना जपणं हाच मार्ग. मी त्या ब्रॅकेटचा तो कोपरा तसाच ठेवला, कागदात गुंडाळून, रंगाच्या दुकानात न्यायला.

जूनमध्ये ब्लॉक आणि हेड बोअरिंगसाठी (झिजलेले सिलिंडर आतून कोरून नीट करायला) वर्कशॉपला गेले. तिथे धुण्याची पद्धत आधी विचारून घ्या. बिडाचा ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत घालतात आणि तो त्यातून सुंदर स्वच्छ निघतो, रंगही सुटून येतो. पण अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्याच टाकीत गेलं तर कॉस्टिक धातूच खातं. मी दोन वेगळ्या पावत्या करून घेतल्या आणि हेडच्या पावतीवर ‘कॉस्टिक नाही’ असं लिहून घेतलं. वर्कशॉपचे मालक म्हणाले, “ताई, आम्हाला माहीत आहे.” माहीत होतंच, पण हाताखालची मुलं बदलत असतात, आणि लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.

सँडब्लास्टिंगचाही सल्ला मिळाला. मी नको म्हटलं. ब्लॉकच्या आत ऑइलचे बारीक मार्ग असतात, त्यात अडकलेला एक कण नव्या बेअरिंगचा सत्यानाश करू शकतो. शिवाय कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसाला घातक. कॉस्टिकमधून आलेल्या ब्लॉकवर जे थोडं उरलं होतं ते मी ड्रिलला वायर ब्रश लावून काढलं.

एका जागेला मात्र ब्रश लावला नाही. ती जागा म्हणजे इंजिन नंबर. ब्लॉकवर ठोकलेला हा नंबर आरसीवर असतो आणि तपासणीला त्याची पेन्सिल प्रिंट घेतली जाते. नंबर घासून पुसट झाला किंवा रंगाच्या जाड थराखाली बुजला तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. ती पट्टी मी फक्त थिनर आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली, फोटो काढला आणि लगेच मास्किंग टेप लावून टाकली. इंजिनाचा रंग आरसीवर नसतो, त्यामुळे तो बदलायला परवानगी लागत नाही. बॉडीचा रंग नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओकडे जावं लागतं. इंजिनच बदललं तर तेही कळवावं लागतं.

बोअरिंग झाल्यावर त्या मापाचे पिस्टन मिळेनात. जुलै असाच गेला. ऑगस्टमध्ये पिस्टन आले तर पाऊस होता, आणि सप्टेंबरमध्ये गणपतीत वर्कशॉप बंद. सुरुवातीला या थांबण्याचा मला फार त्रास झाला. घरी अंगणात रिकामी गाडी, गॅरेजमध्ये सुटे भाग, आणि बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “काही कळलं का?” पण पावसात रंगवायचं नव्हतंच. दमट हवेत उघडं बीड पाहता पाहता तांबूस पडतं. ब्लॉक धुऊन, वाळवून, ऑइलचा हात फिरवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला.

त्या दिवसांत रंगाचा अभ्यास केला. इंजिनाला रंग म्हटल्यावर आपल्या डोक्यात आधी उष्णता येते. दुकानदारही 600 अंश सोसणारा सायलेन्सरचा चंदेरी रंग पुढे करतो, आणि जितके जास्त अंश तितका रंग चांगला असं वाटतं. पण माझ्या वहीत ब्लॉकचे आकडे शंभराच्या आसपास होते. सिलिकॉनवाल्या या चंदेरी रंगाला पूर्ण पक्कं व्हायला साधारण 200 अंशांची ऊब लागते. ब्लॉक तितका तापतच नाही. म्हणजे तो रंग ब्लॉकवर कायम कच्चा राहणार आणि पेट्रोल सांडलं की निघणार. ब्लॉकचा खरा शत्रू उष्णता नाही, पेट्रोल आणि ऑइल आहे. मॅनिफोल्डचं उलट. तिथे उष्णता हाच प्रश्न, आणि तिथे तो चंदेरी किंवा काळा रंग अगदी योग्य.

हे फक्त वाचून मानायचं नव्हतं. पत्र्याच्या तुकड्यांवर तीन रंग मारले: सायलेन्सरचा चंदेरी, साधा सिंथेटिक इनॅमल, आणि गाड्यांना वापरतात तो हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. तिन्ही आठवडाभर वाळू दिले. मग पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी प्रत्येकावर दहा मिनिटं ठेवली. चंदेरी चिंधीवर उतरला. इनॅमल मऊ पडला आणि चमक गेली. पीयूला काहीच झालं नाही. ब्रेक ऑइलचा थेंब टाकला तेव्हा इनॅमल सुरकुतला, पीयूवर फक्त डाग पडला, तोही लगेच पुसला म्हणून निघाला. इतकी साधी परीक्षा, पत्र्याच्या तुकड्यांची आणि एका वाटीभर पेट्रोलची. कुणाच्याही सल्ल्यापेक्षा मला तिचा जास्त आधार वाटला. घराबाहेर, मोकळ्यावर करा आणि चिंध्या बंद डब्यात टाकू नका, उन्हात पसरून वाळवा.

चाचांना तुकडे दाखवले. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, पीयू ठीक आहे. पण करडा कशाला? सिल्व्हर चमकतं, बोनेट उघडलं की लोक बघतात.” मी त्यांना ब्रॅकेटखालचा रंग दाखवला. शिवाय माझं दुसरं कारण होतं. फिकट करड्यावर ऑइलची गळती पहिल्या दिवशी दिसते. काळ्यावर ती महिनोन्महिने लपते. इंजिनाच्या रंगाने गंजापासून वाचवावं आणि बिघाड दाखवावा, ही दोन कामं माझ्या मते चमकण्यापेक्षा मोठी आहेत. चाचा यावर काही बोलले नाहीत, पण पुढे टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काळं करू या म्हणणाऱ्या मुलाला त्यांनीच थांबवलं.

बोहरी आळीतल्या दुकानात ब्रॅकेट घेऊन गेले. तिथे आधी डीए ग्रे आणि स्मोक ग्रेची शेडकार्डं समोर आली. पहिला फार गडद, दुसरा जरा पिवळसर. मग दुकानदाराने रालचा शेडकार्डाचा पंखा काढला. रालची ही क्रमांकांची पद्धत जर्मनीत 1927 मध्ये 40 रंगांवर सुरू झाली आणि आज जगभर चालते. आम्ही दोघं पंखा घेऊन दुकानाबाहेर आलो, कारण ट्यूबलाइटखाली करडा रंग फसवतो. उन्हात 7001 सर्वांत जवळचा ठरला. त्या क्रमांकावर त्यांनी यंत्रावर रंग बनवून दिला. पाव लिटरही पुरला असता, पण कमीत कमी अर्धा लिटरच बनवतात. चमक अर्धी ठेवायला सांगा. झगझगीत चमक बिडाच्या खडबडीत अंगावर नकली दिसते.

रंग ऑक्टोबरच्या मध्यावर दिला, पाऊस ओसरून ऊन कडक झाल्यावर. फवारणीचं काम मी स्वतः केलं नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. ज्या पेंटरकडे बाहेरची हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ आहे त्याच्याकडेच हे काम द्या. आमच्या पेंटरदादांकडे दोन्ही होतं. तयारी मात्र त्यांनी मला करू दिली, आणि रंगाचं टिकणं न टिकणं तिथेच ठरतं.

आधी प्रश्न होता, इंजिन जोडून रंगवायचं की सुटं? अनेक कारखाने जोडलेलं इंजिन रंगवत. चाचांचाही कल तिकडे होता, कारण जोडताना पान्याचे ओरखडे पडतात. मी सुटे भाग रंगवायचं ठरवलं. जोडताना सगळीकडे ऑइल लागतं आणि गॅस्केटच्या कडेतून ते पुन्हा पुन्हा पाझरतं. त्यावर रंग धरत नाही. ओरखडा नंतर ब्रशने भरता येतो.

मास्किंगला एक अख्खा दिवस गेला. सिलिंडरचे बोअर, हेड बसतं तो वरचा सपाट भाग, पुढच्या टायमिंग कव्हरच्या आणि चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या टाकीच्या) गॅस्केटच्या जागा, सगळं टेपने झाकलं आणि ब्लेडने कडेला बरोबर कापलं. आटे असलेल्या भोकांत जुने बोल्ट फिरवून बसवले. बॅटरीच्या अर्थिंगची पट्टी जिथे लागते ती जागा कोरी ठेवायची, कारण रंगावर अर्थिंग मिळत नाही आणि मग स्टार्टर रडतो. फाउंडेशनचे ब्रॅकेट टेकतात त्या जागाही कोऱ्या. इंजिन नंबरवर दुहेरी टेप. शेवटी ग्रीस काढायच्या द्रावणाने, दोन कपड्यांनी पुसलं, एक ओला, दुसरा लगेच मागून कोरडा. त्यानंतर उघड्या हाताने ब्लॉकला शिवायचं नाही. हाताचं तेलही रंगाला नडतं.

इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात, मग त्याच दिवशी करड्याचे दोन हात, मध्ये पंधरा मिनिटं. पेंटरदादांनी पुट्टी लावू का विचारलं, मी नको म्हटलं. ओतलेल्या बिडाचा खडबडीतपणा दिसायलाच हवा, आणि गरम-थंड होणाऱ्या अंगावर पुट्टी तडकते. जाड थर तर मुळीच नको, तो खपलीसारखा उडतो. ब्लॉक, टायमिंग कव्हर, चेंबर आणि टॅपेट कव्हर एकाच मिश्रणातून रंगवून घेतलं. हेडला रंग दिला नाही. पितळी ब्रशने साफ करून उघडंच ठेवलं. करड्या ब्लॉकवर स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम, मला हे दृश्य कुठल्याही चमकदार रंगापेक्षा देखणं वाटतं.

मॅनिफोल्डला प्रायमर लावत नाहीत. गंज घासून थेट उष्णतेचा काळा रंग स्प्रे कॅनने, मोकळ्या हवेत. तो पक्का करायला कॅनवर इंजिन टप्प्याटप्प्याने तापवायला सांगितलेलं असतं. पण नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला असं चालू-बंद करत राहणं मला नको होतं. जवळच पावडर कोटिंगवाले होते, त्यांची भट्टी 200 अंशांपर्यंत जाते. त्यांच्या मालासोबत मॅनिफोल्ड तासभर आत ठेवून घेतला.

24 ऑक्टोबरला दसरा होता. ब्लॉक गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, रंग अजून पूर्ण कडक व्हायचा होता. आईने हळद-कुंकू आणलं, ते आम्ही शेजारच्या हत्यारांना वाहिलं आणि झेंडूचं तोरण स्टँडला बांधलं. रंग हाताला कोरडा लागला तरी किमान आठवडा थांबा. मी दोन थांबले. त्याच दिवसांत बातमी आली की 30 ऑक्टोबरपासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावणार नाही. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती आणि टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे. चाचा बराच वेळ ती बातमी वाचत होते. त्यांच्या तरुणपणाची कितीतरी वर्षं त्या टॅक्सींखाली गेली आहेत. त्या दिवशी मला वाटलं की हे इंजिन आपण नीट बांधतोय, हे फार बरं झालं.

दिवाळीनंतर जोडणी. रंग पक्का झाल्यावर टेप काढून ब्लॉक पुन्हा गरम पाणी आणि साबणाने धुतला. बोअरमध्ये आणि ऑइलच्या मार्गांत बोअरिंगचा बारीक चुरा राहतो, तो असाच निघतो. धुतल्यावर बोअरला ताबडतोब ऑइल. बोल्ट घट्ट करताना रंग जिथे उडाला तिथे बारीक ब्रशने भरला. डिसेंबरच्या सुरुवातीला इंजिन सुरू झालं. पहिला अर्धा तास थोडा वास आला, रंगाचा फुगा कुठेही नाही.

खर्च फक्त रंगाचा सांगते. धुलाई 2,200, प्रायमर 850, पीयू रंग हार्डनर आणि थिनरसह 1,650, मॅनिफोल्डचा कॅन 480, टेप, ब्रश, हातमोजे वगैरे 700, पेंटरची मजुरी 3,000, भट्टीचे 300. एकूण 9,180 रुपये. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग यांचा हिशेब वेगळा आणि बराच मोठा.

आता आरटीओ. गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे व्हिंटेज नोंदणीचाही पर्याय होता. जुलै 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार त्याला 20,000 रुपये शुल्क आहे आणि नोंदणी 10 वर्षांची. पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. बाबांना रविवारी आत्याकडे जायला गाडी हवी असते. म्हणून नेहमीचं नूतनीकरण केलं. फॉर्म 25, तेव्हाचं शुल्क 5,000, शिवाय पर्यावरण कर. हा अर्ज मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आतच करता येतो, त्याहून आधी नाही. मी डिसेंबरमध्ये भरला, विमा आणि पीयूसी चालू असल्याची खात्री करून. जानेवारीत तपासणीची तारीख मिळाली.

निघण्याआधी इंजिन नंबरच्या पट्टीवर फिरवलेला ग्रीसचा पातळ हात पुसून घेतला. ही पट्टी मी कोरीच ठेवली आहे, गंजू नये म्हणून फक्त ग्रीस. तपासणाऱ्या साहेबांनी टॉर्च मारला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आकडे एका झटक्यात उमटले. त्यांनी आरसीशी ताडून पाहिले आणि चासी नंबरकडे वळले. रांगेत पुढच्या एका जुन्या गाडीचा नंबर रंगाखाली बुजलेला होता. त्या काकांना पुन्हा यायला सांगितलं. माझ्याकडे थिनरची छोटी बाटली होती, ती आणि ब्रश त्यांना दिला. शक्य असेल तर तुम्हीही सोबत ठेवा.

मार्चमध्ये टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याखाली करड्यावर एक तपकिरी रेघ दिसली. गॅस्केट बदललं, रेघ पेट्रोलने पुसली, रंग तसाच राहिला. उरलेला रंग हार्डनर न मिसळता डब्यात आहे. झाकणावर क्रमांक, दुकान आणि बनवल्याची तारीख लिहून ठेवली आहे. हार्डनरची बाटली एकदा उघडली की हवेतल्या ओलाव्याने खराब होते, म्हणून पुढच्या वेळी तेवढी नवी आणावी लागेल.